धाकूबायचा गाल आणि दारावरचं टिंब

मी लोकांच्या तोंडात बघायचे. हाच माझा धंदा होता. हे सांगितलं की समोरचा माणूस नकळत स्वतःचं तोंड मिटून घ्यायचा आणि मग ओठ फारसे न हलवता विचारायचा, "दातांच्या डॉक्टर का तुम्ही?" नाही. डॉक्टर नाही, नर्सही नाही. नव्वद सालाच्या आगेमागे पनवेल तालुक्यात तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीवर एक संशोधन चालू होतं. त्यात गावोगाव फिरून तोंडं बघणारी मी एक कार्यकर्ती. खांद्याला पिशवी, पिशवीत बॅटरी, जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या, स्पिरिटची बाटली आणि पत्रकं.

पत्रकं ही माझी घरची इस्टेट. माझे वडील जुन्या पनवेलच्या बाजारात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. तालुक्यात मोर्चा कुठलाही निघो, त्याचं पत्रक आमच्याकडे छापलं जायचं. शाई पसरलेले, वाकडे छापलेले कागद बाबा घरी आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं करायचे. छापलेल्या बाजूवर वाचायला शिकले. 'जागे व्हा!' 'हक्काचं पाणी!' 'आता माघार नाही!' उद्गारचिन्ह हे मला बरीच वर्षं मुळाक्षरांपैकीच एक वाटत होतं.

अशी मुलगी कॅन्सरच्या संशोधनात कशी गेली? पत्रक लिहायला. प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. देवस्थळी, आम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. त्यांना गावातल्या बायकांना समजेल असं एक पत्रक हवं होतं. मी एका बैठकीत लिहून दिलं: 'तोंडात पांढरा चट्टा? कॅन्सर दारात उभा आहे! आजच तपासा, जीव वाचवा!' मला वाटलं बाई शाबासकी देतील. बाईंनी चष्मा काढला.

"दारात उभा आहे, हे तुला कोणी सांगितलं?"

"बाई, पत्रक आहे. थोडं जोरात बोलायला लागतं."

"जोरात बोल ना. पण खरं जोरात बोल. हे वाक्य खरं आहे का, ते आधी शोध आणि मग ये."

शोधायला मी जी गेले ती पुढची आठ वर्षं परतलेच नाही.

शोधून काय सापडलं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या भागात बायका मिशेरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना घासायची. सकाळी गावात शिरलं की कोणाच्या घरी मिशेरी भाजतायत हे नाकाला आधी कळायचं. मला ठसका लागला की ओटीवरच्या बायका खूश व्हायच्या. वर्षानुवर्षं हे चाललं की काहींच्या गालाच्या आतल्या अंगाला पांढरा चट्टा येतो. पुसून जात नाही आणि दुखतही नाही. अशा चट्ट्यांतले थोडे पुढे कॅन्सरकडे वळतात. बहुतेक वळत नाहीत. कितीतरी तर तंबाखू सोडली की हळूहळू विरतात. कोणता वळेल आणि कोणता नाही, हे नुसतं बॅटरी मारून कोणालाही सांगता येत नाही. चट्टा कापून टाकला म्हणजे पुढे कॅन्सर होणारच नाही, असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

म्हणजे काय? म्हणजे तपासणी ही दुधारी गोष्ट आहे. ज्याला दुखतंय तो आपण होऊन डॉक्टरकडे येतो, त्याची काळजी तो बरोबर घेऊन आलेला असतो. आम्ही मात्र धडधाकट माणसाच्या ओटीवर न बोलावता जायचो आणि त्याच्या हातात काळजी ठेवून परत यायचो. ज्याने कधी काही होणारच नव्हतं असा चट्टा आम्ही शोधून काढला, तर ती बाई आमच्यामुळे रोगी झाली. तिच्या गालाला सुरी लागली, तर तीही आमच्यामुळे. हे ज्याला टोचत नाही त्याने हे काम करू नये, असं मी तेव्हाही म्हणायचे आणि आजही म्हणते.

आणि तरीही तपासणी हवी! कळंबोलीच्या लोखंड बाजारातले इस्माईलभाई हे त्याचं चालतं-बोलतं उत्तर. ट्रक चालवायचे. आम्ही तिथे टेबल मांडून बसलो होतो, तर हे गडी हसत आले.

"ताई, माझं तोंड साफ आहे एवढं लिहून द्या बस. बीवीला दाखवायचंय. तिला शक आहे मी गुटखा सोडला नाही."

"सोडलाय का?"

"आज सकाळपासून सोडला ना!"

मी बॅटरी मारली. जिभेखाली एक जखम होती, कडेला कडक. "किती दिवस आहे ही?" म्हणाले, "बरी होईल, इन्शाअल्ला, दातानं लागली असेल." दोन महिने बरी झाली नव्हती. त्यांना मी बाकड्यावर बसवलं आणि त्यांच्या मालकाच्या ऑफिसातून बाईंना फोन लावला. कॅन्सर निघाला, पण छोटा होता. मुंबईला ऑपरेशन झालं. आज बोलताना 'स'चा जरा 'श' होतो, आणि तरी ते पूर्वीपेक्षा जास्त बोलतात. ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन आमच्या कार्यालयाचा जिना चढून यायचे आणि विचारायचे, "माझं सर्टिफिकेट राहिलंच की हो!"

तेव्हा जे म्हणतात 'तपासणी म्हणजे नुसती भीती', त्यांनी इस्माईलभाईंना भेटावं. आणि जे म्हणतात 'दिसलं की कापा', त्यांनी धाकूबायला.

धाकूबाय नेऱ्याच्या अलीकडच्या एका गावातली धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पुढचे विधी जिच्या गाण्यावर चालतात ती बाई म्हणजे धवलारीण. ती मांडवात बसून धवले म्हणते, आणि तिने म्हटल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. उंच, सुकलेल्या बांध्याची, काष्ट्याचं लुगडं, आणि आवाज असा की अंगणात बोलली तर पलीकडच्या शेतातली माणसं मान वळवायची. तोंड उघडायला सांगितलं तेव्हा म्हणाली, "उगारतंय, पन सांबाल. या तोंडात गेलेला मानूस भाएर आला नाय कवा." डाव्या गालाच्या आत चट्टा होता. तिला मी सगळं नीट सांगितलं, मिशेरी सोडायला सांगितलं. ती "बगू" म्हणाली. 'बगू' म्हणजे नाही, हे तोवर मला कळायला लागलं होतं.

आता गेरूची गोष्ट. हिवतापवाले कर्मचारी घराच्या भिंतीवर खुणा करून जातात, तशीच आमच्या पर्यवेक्षकांनी सोय काढली होती. घर तपासून झालं की दाराच्या चौकटीवर गेरूचा गोल. पुन्हा यायचं असेल तर गोलात टिंब. पुन्हा यायचं म्हणजे कोणाला चट्टा सापडला म्हणून, किंवा घरातलं माणूस शेतावर गेल्यामुळे भेटलं नाही म्हणून. दोन्हीला टिंबच. आम्हाला फक्त परत यायचं होतं, कारण आमच्या कागदावर होतं.

गावाकडे आमचा कागद नव्हता. गावाने टिंब वाचलं. एका घरात बाईला चट्टा आहे हे विहिरीवर कळलं, त्या दारावर टिंब होतं, आणि गावाचा हिशोब तिथेच पुरा झाला: टिंब म्हणजे कॅन्सरचं घर. दिवाळी सरली, तुळशीचं लग्न लागलं, सोयरिकी जुळवायला माणसं यायला लागली, आणि ती दारात आधी चौकट बघायला लागली. मुलगी नंतर. एका घरचा म्हातारा त्या दिवशी फक्त मिठागरावर गेला होता, त्याच्या नातीला बघायला आलेले पाहुणे पाणीही न पिता फिरले!

हे मला कळलं त्या संध्याकाळी मी कार्यालयात जे बोलले ते जिन्याखालच्या धान्याच्या दुकानात ऐकू गेलं असणार.

"अगं, सोय आहे ती," पर्यवेक्षक म्हणाले. "एवढी घरं, लक्षात कसं ठेवणार?"

"सोय आपली आणि बदनामी त्यांची? सर, आपल्या स्वतःच्या दारावर लावू या का एकेक टिंब? तुमच्या मुलीचं यंदा आहे ना कर्तव्य?"

 बाईंनी त्याच क्षणी गेरूचा डबा उचलून कचऱ्यात टाकला आणि आम्हाला सांगितलं, ओली फडकी घ्या आणि पुसून या.

पुसून काय झालं? चौकटी धुळीने, चुलीच्या धुराने काळवंडलेल्या. फडकं फिरवलं तिथे लाकूड लख्ख उघडं पडलं. पुसलेलं टिंब न पुसलेल्यापेक्षा लांबून दिसायला लागलं.

धाकूबाय दारात उभी राहून माझी ही झटापट बघत होती.

"घास, आनखी घास. दार पातल कर माजा."

"धाकूबाय, चुकलं आमचं."

"तुजा काय चुकला? मना वाटला, पोरगी दाराला कुकू लावतंय, शोबा करतंय." मग आवाज खाली आला, आणि तिचा आवाज खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "त्या समोरच्या यमुनाचे पोरीचा लगीन हाय. माज्या दारासमोरचा घर. तिची हलद मी गायली, तिचे आयशीची मी गायली. आता पोरीला धवलारीन भाएरच्या गावची आनतात. बोलतात, धाकूबायचे तोंडात कॅन्सर हाय, तिचे तोंडचा धवला कसा घ्येवाचा?"

एवढ्यात तिचा मुलगा वामन आला. कंपनीत नोकरीला, इस्त्रीचा शर्ट, आईवर जीव. पनवेलमध्ये एका नव्या हॉस्पिटलने मोफत शिबिर भरवलं होतं. वामन आईला तिथे दाखवून आला होता. सर्जनने ऑपरेशनची तारीखही दिली होती, ती पुढच्याच महिन्यातली. गालाच्या आतलं अस्तर चट्ट्यासकट काढायचं आणि तिथे मांडीची कातडी लावायची.

"डॉक्टर बोलले, रिस्क कशाला घ्यायची?" वामन म्हणाला. "ताई, तुम्हीच तर चट्टा दाखवलात. आता तुम्हीच सांगा आईला. ती ऐकत नाही."

"तुकडा काढून तपासला का त्यांनी?"

"ते काय असतं?"

मी धाकूबायकडे बघितलं. ती म्हणाली, "मी त्याला यवराच इचारला, मंग मना गाता येल का? तर हासला. बोलला, आजी, या वयात गानी कसली गाता?"

त्या एका वाक्याने माझ्या डोक्यातला छापखाना सुरू झाला. मला त्या गालाच्या ऑपरेशनची दुसरी बाजू माहीत होती. त्याच तालुक्यात एक बाई मी बघितली होती, जिचा असाच, आमच्याच तपासणीत सापडलेला चट्टा काढला होता. कातडी आखडली होती. तोंडात चमचा आडवा जात नव्हता, ती पेज ओढून प्यायची. तिचा तुकडाही आधी कोणी तपासला नव्हता. त्या बाईचं काही मला परत देता येणार नव्हतं. ते ओझं अजून आहे.

मी तडक पनवेलला आले आणि बाईंना म्हटलं, पत्रक काढते. 'गाल कापणाऱ्यांपासून सावधान!' रात्रीतून छापून सकाळी त्या शिबिराच्या दारात वाटते.

बाई शांत होत्या. मला त्यांच्या शांतपणाचा तेव्हा फार राग यायचा.

"आणि धाकूबायला काय सांगशील?"

"कापू नका."

"म्हणजे त्याने सांगितलं काप, तू सांगितलंस नको. तिला विचारलं कोणी?"

"पण बाई, मी तिच्या बाजूची आहे!"

"तोही तसंच समजतो. वाईट माणूस नाही तो. घाईत आहे. तू पण घाईत आहेस. आधी तुकडा तपासू. मग दोन्ही रस्ते तिच्यासमोर मांडू, खड्ड्यांसकट. चालायचं तिला आहे."

वामन कसाबसा तयार झाला. बाईंनी कार्यालयातल्या खोलीत चट्ट्याचा इवलासा तुकडा काढला. "याच्यापरीस कोलंबीचा काटा मोटा," धाकूबाय म्हणाली. मुंबईहून उत्तर आलं. कॅन्सर नव्हता. पेशींमध्ये काळजी करण्यासारखा बिघाडही नव्हता. आज तरी नव्हता. उद्याचं कोणी लिहून देत नाही.

त्या दिवसांत मी जे पत्रक लिहिलं, ते मी लिहिलेलं सगळ्यात अवघड लिखाण. 'चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. थोडे चट्टे पुढे बिघडतात, कोणता ते आज कळत नाही. ऑपरेशन केलं तर हा फायदा, हा तोटा. न केलं तर हा फायदा, हा तोटा. मिशेरी सोडणं दोन्हींत आलंच. तुकडा तपासल्याशिवाय कशालाच हो म्हणू नका.' बाबांनी खिळे जुळवायला घेतले आणि मध्येच थांबले.

"हे कसलं पत्रक? यात शत्रू कोण तेच कळत नाही."

"शत्रू नाहीये, बाबा."

"आणि 'माहीत नाही' असं छापायचं? पत्रकात? लोक हसतील." ते पुन्हा वाचायला लागले. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "एक तरी उद्गारचिन्ह ठेवू दे. माझी इतक्या वर्षांची सवय आहे." शेवटची ओळ होती, 'डॉक्टरांना विचारा.' बाबांनी तिथला पूर्णविराम काढून उद्गारचिन्ह बसवलं. त्या एका बदलाने पत्रक उभं राहिलं. आजही मला वाटतं, त्या पत्रकातलं सगळ्यात खरं अक्षर तेच.

मग धाकूबायच्या ओटीवर बैठक. धाकूबाय, वामन, बाई आणि मी. समोरच्या घरात यमुना दाराआड उभी होती. दिसत नव्हती, पण तिच्या बांगड्या वाजत होत्या. वाचून दाखवलेलं पत्रक धाकूबायने ऐकलं आणि म्हणाली, "थोरे म्हंजे किती? तुमचा थोरा आन माजा थोरा येक नाय."

मी घरातलं सूप मागितलं. त्यात मूठभर तांदूळ पसरले आणि थोड्या दाण्यांना कुंकू लावून मिसळले.

"हे सगळे दाणे म्हणजे असे चट्टे असलेल्या बायका. लाल दाणे पुढे बिघडणारे. आता डोळे मिटा आणि एक उचला."

तिने उचलला. पांढरा आला.

"आता कापायचं ठरवलं तर लाल कोणता ते माहीत नाही, म्हणून सगळ्यांनाच कापायला लागेल. पांढऱ्यांनाही. आणि कापूनही लालांतले काही लालच राहतात. नाही कापलं आणि नजर ठेवली, तर लाल दाणा लवकर सापडायची आशा आहे, खात्री नाही. मिशेरी सोडली तर लाल दाणे कमी होतात, हे मात्र पक्कं."

धाकूबाय सुपाकडे बघून हसायला लागली. "आगो, या त अक्षता झाल्या! माजे लग्नाच्या का काय?"

वामन हसला नाही. "ताई, पण आई लाल दाणा असली तर?"

 बाई म्हणाल्या, "असू शकते, वामन. खोटं सांगणार नाही. म्हणून दर थोड्या महिन्यांनी बघायचं. जखम झाली, रंग बदलला, कडक लागलं, तर त्याच दिवशी यायचं. तेव्हा मीच ऑपरेशन कर म्हणेन."

"आन काप्ला," धाकूबायने विचारलं, "तर गाता येल?"

"तोंड पूर्वीसारखं उघडेलच असं नाही. काहींचं उघडतं. काहींचं आखडतं."

धाकूबाय बराच वेळ तांदूळ चाळवत राहिली. मग मुलाला म्हणाली, "वामन, तू घाबरलास, म्हनून माजा गाल नको देव. तू घाबर. आय हाय तुजी, घाबराचा. पन गाल माजा हाय. मिशेरी सोरतंय. तोंड दाखवत रानार. कापाचा तवा कापीन, आज नाय." मग उठून आत गेली आणि मिशेरीचा डबा आणून माझ्या पायाशी ठेवला. "घेऊन जा. मना दिसला त आज रातीच हात जाल."

वामनचे डोळे भरले होते. "डॉक्टरांनी तारीख दिलीय. त्यांना कोण सांगणार? मी नाही सांगू शकत, एवढे मोठे डॉक्टर."

"मी सांगीन," धाकूबाय म्हणाली. "मना कोनाच्या मांडवात लाजाची सवय नाय."

तारखेच्या दिवशी धाकूबाय आणि मी गेलो. पनवेल एसटी स्टँडवरून रिक्षा केली. हॉस्पिटलच्या लांब ओसरीत शिबिरातून बोलावलेल्या बायका बाकांवर बसल्या होत्या. बहुतेक आसपासच्या गावांतल्या, पदर तोंडावर. शेवटच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून एक बाई बसली होती. मी ओळखलं नाही. धाकूबायने ओळखलं, पण दाखवलं नाही.

सर्जन बाहेर आले, तरुण, घामाघूम. "चला आजी, ॲडमिट होऊन जा."

"डाक्टर, मी नाय होत."

"म्हणजे?"

आणि धाकूबाय बोलायला लागली. आवाज तोच, मांडवातला. ओसरीच्या टोकापर्यंत पोचला. "माजा तुकरा तपासला. कॅन्सर नाय निंगाला. तुमी तपासलाच नव्हता. कापला तर तोंड आखडाल, तुमी बोलला नव्हता. नाय कापला तर काय, ते पन बोलला नव्हता. आता मना सगला म्हाईत हाय. मी मिशेरी सोरलीय. तोंड बगून घेनार. तुमचा उपकार हाय, तुमी बगितलात. पन गाल राहू द्या."

सर्जनने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही भडकवलंत यांना?"

मी तोंड उघडलं, एवढी वर्षं साठवलेली सगळी उद्गारचिन्हं जिभेवर आली, आणि धाकूबायने मला हाताने मागे सारलं. "तिला काय इचारता? गाल माजा हाय."

 मग शेवटच्या बाकावरची ती बाई उठली. पदर खाली आला. यमुना! तिच्याही दारावर टिंब होतं. नंतर कळलं, तिने ते पहिल्याच दिवशी शेणाने सारवून टाकलं होतं. मुलीची सोयरीक मोडेल म्हणून. चट्टा लपवून, लगेच कापून घेऊन, लग्नाआधी मोकळं व्हायचं म्हणून ती एकटीच आली होती. आपल्या भीतीला आडोसा म्हणूनच तिने धाकूबायला टाळलं होतं.

"डाक्टर," ती कापऱ्या आवाजात म्हणाली, "माजा तुकरा तपासलात का?"

तिच्या मागून दुसरी उठली. "माजा पन?" तिसरी म्हणाली, "माजा चट्टा नाय कापला तर काय व्हतं, ते सांगा ना मना." बाकं सरकली. माझ्या पिशवीतली पत्रकं कोणीतरी काढून घेतली. शाळेत गेलेली एक जण मोठ्याने वाचायला लागली आणि शेवटच्या ओळीला सगळ्यांनी मिळून सर्जनकडे बघितलं. मी आयुष्यात पुष्कळ सभा बघितल्या. मंडप नाही, माईक नाही, पुढारी नाही, आणि प्रत्येक वक्त्याचा विषय स्वतःचा गाल, अशी सभा तेवढी एकच.

त्या सर्जनबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. ते पाय आपटून आत गेले नाहीत. एक खुर्ची ओढून त्या बायकांमध्ये बसले आणि म्हणाले, "बरं. एकेक विचारा." त्या दिवशीची ऑपरेशनं त्यांनी थांबवली. सगळ्यांचे तुकडे तपासायला गेले. त्यांत एकीचा खरोखर वाईट निघाला. तिचं ऑपरेशन झालं, वेळेवर झालं, आणि तिने सगळं विचारून, समजून मग हो म्हटलं. यमुनाचा वाईट नव्हता. पुढच्या शिबिरापूर्वी त्या सर्जनने आमच्या कार्यालयात माणूस पाठवला, पत्रकांचा गठ्ठा मागवला. बाबांनी दुसरी आवृत्ती छापली. उद्गारचिन्ह एकच.

परतीच्या रिक्षात यमुना धाकूबायच्या शेजारी बसली.  उतरताना यमुना म्हणाली, "बाय, माजे पोरीचा धवला..."

"भाएरची धवलारीन सांगितलीस ना?"

"तिला नाय बोलते."

"नको. तिला पन येव दे. दोगी मिलून धवला गाव. पोर एकुलती हाय तुजी."

दोन-तीन महिन्यांनी हळदीच्या संध्याकाळी मला मुद्दाम बोलावणं होतं. मी गेले तेव्हा यमुनाच्या दाराला हळदीचे ओले पंजे उमटवत होते. लग्नाच्या घरी चौकटीवर उमटवतात तसेच. सारवलेल्या टिंबाच्या जागी एक पंजा बरोबर बसला होता. तो बघून धाकूबायने हळदीचं ताट उचललं आणि समोर स्वतःच्या दारावर गेली. आम्ही घासून पांढरी पाडलेली ती जागा तिने तळहाताने झाकली. मग शेजारच्या दारावर. मग त्याच्या शेजारच्या. गावातल्या पोरी तिच्या मागे ताटं घेऊन पळायला लागल्या. अंधार पडायच्या आत आळीतल्या एकाही चौकटीवर गोल वाचता येत नव्हता. आमचं फडकं जे करू शकलं नाही ते हळदीने केलं!

मांडवात सगळे बसले. नवरी पाटावर आली. धाकूबायने गळा खाकरला आणि मला शोधून हाक मारली.

"ए तोंडवाली! बॅटरी आनलीस?"

"आणलीय की."

"मंग ये. आदी बग, मंग गाते. या सगल्यांचे समोर बग."

मी मांडवाच्या मध्ये गेले. तिने तोंड उघडलं. मी बॅटरी मारली. मिशेरीचा काळा रंग हिरड्यांवरून उतरला होता. चट्ट्याच्या कडा विरल्या होत्या, मधला भाग अजून पांढरा होता. मांडवभर माणसं माझ्याकडे बघत होती. मला 'गेला!' असं ओरडावंसं वाटत होतं. माझ्यातल्या पत्रकवालीला तेच एक उद्गारचिन्ह हवं होतं.

"अर्धा विरलाय," मी मोठ्याने म्हटलं. "अर्धा आहे. पावसाआधी पुन्हा दाखवायचा."

धाकूबायने तोंड मिटलं, पदराने ओठ पुसले आणि मांडवाकडे वळली.

"आयकलात? अर्धा हाय. कोनाला उठून जावाचा आसंल त्याने आता जा." कोणी हललं नाही. यमुनाच हळदीची वाटी घेऊन तिच्या पुढ्यात येऊन बसली. "नाय जात ना? मंग गप रावा. मना धवला गाव द्या."

आणि तिने आवाज सोडला. माझ्या हातातली बॅटरी तशीच पेटती राहिली होती. तिचा उजेड समोर धाकूबायच्या दारावर, ओल्या पिवळ्या पंजांवर पडला होता, आणि ती विझवायचं कोणालाच सुचलं नाही.